भिरभिऱ्याचे नकाशे

प्रश्न : काका, मी नॉर्थ कॅरोलिनातल्या कॅरी गावात नोकरीला आहे. शेजारच्या आजोबांच्या गराज सेलमध्ये बेन्सन जायरोकॉप्टरचे, म्हणजे हेलिकॉप्टरसारख्या दिसणाऱ्या छोट्या उडत्या यंत्राचे, जुने नकाशे, अर्धवट जोडलेला सांगाडा आणि मॅककलक इंजिन मिळालं. पूर्ण करून उडवायचं मनात आहे. हवेत इंजिन बंद पडलं तर काय, या भीतीनं बायको नको म्हणते. – स. कु.

उत्तर : सूनबाईंची भीती खरी आहे, फक्त धोका दुसरीकडे आहे.

जत्रेतलं भिरभिरं आठवा. पोर पळतं आणि वाऱ्यानं पाती फिरतात. जायरोची वरची पाती तशीच. हवेत इंजिनाचा त्यांच्याशी संबंध नाही. ते मागच्या पंख्यानं यंत्राला पुढे रेटतं, आणि मागे कललेल्या पात्यांतून खालून वर जाणारी हवा त्यांना फिरवते. इंजिन थांबलं तरी पाती फिरत राहतात, यंत्र खाली येतं. उतरायला मोकळं रान मात्र हवं.

माणसं जातात ती चालकाच्या हातातल्या दांड्यापायी. विमान शिकलेला माणूस नाक वर गेलं की दांडा झटकन पुढे सारतो. जायरोत असं केलं की पात्यांवरचा भार सुटतो, त्यांचा वेग मरतो. मागचा पंखा रेटतच असतो. त्याच्या रेट्याची रेषा गुरुत्वमध्याच्या वर असली तर यंत्र पुढे कोलांटी खातं, सावरायला वेळच मिळत नाही. ग्लासगो विद्यापीठातल्या अभ्यासातही या दोहोंमधलं अंतरच कळीचं ठरलं. म्हणून यंत्र टांगून गुरुत्वमध्य काढा, अंदाजपंचे नको. आणि जाणत्या जायरोवाल्याला दाखवून मागे चांगली रुंद आडवी शेपटी बसवून घ्या.

हा जायरो बनवणारे इगोर बेन्सन तुमच्या शेजारचेच. कारखाना रॅले शहरात होता. जन्म रशियातला. डिसेंबर १९५५मध्ये त्यांचा इंजिनवाला जायरो उडाला, पुढे बी-८एम या त्यांच्या मॉडेलचे नकाशे आणि किट हौशी लोकांनी घरोघरी जोडले. त्यांची एक शिस्त मला फार पटते : आधी बिनइंजिनाचा सांगाडा मोटारीमागे दोरीनं ओढत शिका, इंजिन नंतर. त्याच्याही आधी दोन सीटच्या जायरोत शिक्षकाबरोबर बसा.

ते ७२ अश्वशक्तीचं मॅककलक दिवाणखान्यात ठेवा. लष्कराच्या नेमबाजीत लक्ष्य म्हणून उडणाऱ्या बिनमाणसाच्या विमानांसाठी ते बनलं होतं. ज्याच्यावर गोळ्याच झाडायच्या, त्याच्या इंजिनाला कोणी किती आयुष्य देणार?

आणि रोटर हेडमधले, म्हणजे वरची पाती जिथे बसतात तिथले, बोल्ट नवे घ्या, आजोबांनी तेलात बुडवून ठेवलेले असले तरी. आमच्या हँगरमध्ये एका पोरानं घासूनपुसून चकचकीत केलेला जुना बोल्ट आणला होता. मी भेगा दाखवणारा लाल रंग (डाय) लावून पाहिलं, तर डोक्याखाली केसाएवढी लाल रेघ उमटली. पोरगं तो बोल्ट किती तरी दिवस खिशात घेऊन हिंडत होतं.