मनाला वाफसा येईपर्यंत

सई बाळा,

सप्टेंबरमध्ये तू मला एक प्रश्न विचारला होतास आणि मी तेव्हा "अगं, आजीला सवय आहे" असं काहीतरी बोलून मोकळा झालो. ते उत्तर नव्हतंच. तुझ्या तेव्हाच लक्षात आलं होतं, कारण तू पुढे काही न बोलता वर निघून गेलीस. आता नोव्हेंबर आलाय, बाहेर साडेचारलाच अंधार पडायला लागलाय आणि गेले दोन रविवार माझ्या डोक्यात तुझा तोच प्रश्न फिरतोय, म्हणून बसून नीट लिहितोय. मराठीतच लिहितोय, हळूहळू वाच, अडलं तर आईला विचार.

तू विचारलं होतंस, "बाबा, आजीचं सगळं सोयाबीन पाण्यात गेलं, तरी ती दिवा लावून शांत कशी बसली? तिला देवाचा राग नाही येत का? हे म्हणजे गिव्ह अप करणंच झालं ना?"

त्या रविवारी दुपारी सव्वातीनला आपण इथून, नेदरलँड्समधून, व्हिडिओ कॉल लावला होता. तिकडे पावणेसात झाले होते, पाऊस चालूच होता. काकाने आधी फोन शेतात नेऊन तुला दाखवलं, ओढ्याचं पाणी बांध फोडून आत आलेलं, सोयाबीनच्या शेंगा भरलेल्या, काढणीला आलेल्या, आणि त्या पाण्यात राहून राहून शेंगेतच कोंब फुटलेले. आणि मग फोन घरात आला तर आजी तुळशीपुढं दिवा लावून, देवघरासमोर पाय मुडपून बसलेली. डोळे मिटलेले. तू दोनदा हाक मारलीस तरी तिने फक्त हात वर केला, थांब म्हणून. मला आठवतंय, तुझा चेहरा पडला होता. तुला वाटलं असणार की इथे आपण एवढे हादरलोय आणि हिला काहीच कसं नाही.

आधी एक सांगतो, जे तुला फोनवर दिसलं नाही. त्याच दिवशी सकाळी आजी काकाच्या मागे मोटरसायकलवर बसून तलाठ्याकडे जाऊन आली होती, पंचनाम्यात आपला गट नंबर आलाय का बघायला. आणि दुपारी ती रडली होती, चुलीपुढं एकटीच, काकूने मला नंतर सांगितलं. म्हणजे दिवा लावायच्या आधी धावपळ पण झाली होती आणि रडणं पण झालं होतं. गिव्ह अप केलेला माणूस चिखलातून तलाठी गाठत नाही.

आता राग. बाळा, आजीला देवाचा राग आलेला मी पाहिलाय, आणि तो लई मोठा राग होता.

1993 साली मी अकरा वर्षांचा होतो. 29 सप्टेंबरला गणपती विसर्जन झालं, गावोगाव लोक उशिरापर्यंत जागे होते, दमून झोपले, आणि 30 तारखेला पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी जमीन हलली. किल्लारीचा भूकंप. आपलं गाव तिथून थोडं लांब, म्हणून आम्ही वाचलो. आपल्याकडची जुनी घरं माळवदाची असायची, मातीत रचलेल्या जाड जाड दगडी भिंती आणि वर लाकडावर मातीचं जड छत, उन्हाळ्यात आत एकदम गार. तीच घरं झोपलेल्या माणसांवर बसली. जवळपास 10 हजार माणसं गेली. माझी मोठी आत्या सास्तूरला दिलेली होती, ती आणि तिची दोन लेकरं त्यातच गेली. धाकटा माझ्याच वयाचा होता, आमची दर दिवाळीला भांडणं व्हायची.

त्यानंतर कित्येक दिवस तुझ्या आजीने दिवा लावला नाही. आमच्या घराच्या भिंतीला हात जाईल एवढी भेग पडलेली, म्हणून आम्ही बाहेर पत्र्याच्या शेडात झोपायचो. माझी आजी, म्हणजे तुझी पणजी, म्हणायची, "सांजवात कर बाई." आणि तुझी आजी म्हणायची, "कुणाला दाखवू दिवा? त्याला दिसत असतं तर असं झालं असतं का?" मी हे माझ्या कानाने ऐकलंय. तेव्हा मला भीती वाटली होती की आता देव आणखी चिडणार.

मग एक दिवस पणजी तिला म्हणाली, "देवासाठी नको लावू. लेकरासाठी लाव, अंधारात भ्यायलंय ते." ते लेकरू म्हणजे मी. पत्रा जरा वाजला तरी मी उठून बाहेर पळायचो. आजीने काही न बोलता रॉकेलची चिमणी पेटवली, माझ्याजवळ ठेवली आणि तिथेच बसली. सगळं परत सुरू झालं ते असं. श्रद्धेने वगैरे नाही, एक घाबरलेलं पोरगं होतं म्हणून.

हळूहळू शेजारच्या शेडातल्या बायका येऊन बसायला लागल्या. एक म्हातारेबुवा हरिपाठ म्हणायचे, टाळ नव्हते, मांडीवर हात मारून ठेका धरायचे. हरिपाठाची सुरुवातच अशी आहे की देवाच्या दारात क्षणभर उभं राहा. आयुष्यभर नाही, क्षणभर. मला मोठेपणी कळलं की दुःखातल्या माणसाला झेपेल एवढंच मागितलंय त्यात. एक बाई यायची, तिची दोन्ही मुलं गेली होती. ती एक शब्द म्हणायची नाही, नुसती बसायची, पदर तोंडाला लावून. तिला कुणी म्हण असं म्हटलं नाही, उठ असंही म्हटलं नाही. फार दिवसांनी तिच्या तोंडून "हरि" एवढंच निघालं आणि तुझ्या आजीने तिचा हात धरला. मला ते अजून दिसतं.

आता तुझ्या प्रश्नातला दुसरा भाग, की आजी तिथे बसून करते काय. लहानपणी मी तिच्या मागे बसून चोरून ऐकायचो. मला वाटायचं मोठे मोठे मंत्र असतील. तर ती शुभं करोति झालं की पुटपुटायची, "पांडुरंगा, आज जावेला तोडून बोलले, चुकलंच माझं. म्हशीने दूध कमी दिलं. पोरगं अभ्यास करायला लागलंय. उद्या बाजाराला पैसे नाहीत, बघते कायतरी." बास. दिवसभराचा हिशोब. मागणं फार कमी असायचं गं, सांगणंच जास्त. आणि मग ती गप्प व्हायची, दहा पंधरा मिनिटं, आणि त्या गप्प बसण्यात तिचा चेहरा हळूहळू सैल व्हायचा, जसं घट्ट बांधलेलं गाठोडं सोडलं की होतं.

ही आपल्या मातीतली जुनी सवय आहे असं मला वाटतं. संत म्हटलं की तुझ्या डोळ्यासमोर जंगलात ध्यान लावून बसलेलं कुणीतरी येतं, पण आपल्या मराठवाड्यातले संत बघ. गंगाखेडची जनाबाई, दळण-कांडण करता करता विठ्ठलाशी बोलणारी. तेरचे गोरोबाकाका, मडकी घडवणारे. हिंगोलीजवळच्या नरसीचे नामदेव, शिंप्याच्या घरातले. पैठणचे एकनाथ महाराज तर बायको-मुलांचा संसार करणारे. जालन्याकडे जांब नावाचं गाव आहे, समर्थ रामदास तिथले, त्यांनी 205 मनाचे श्लोक लिहिले आणि त्यात ते दुसऱ्या कुणाला नाही, स्वतःच्या मनालाच समजावतात, तेसुद्धा "सज्जना" म्हणून, मानाने. मला ही गोष्ट फार आवडते. आपण स्वतःच्या मनाशी बोलताना किती वाईट बोलतो, मूर्ख आहेस, तुला काही जमत नाही, असं. परवा टेस्टवीकचे मार्क आले तेव्हा तू स्वतःला जे जे म्हणत होतीस ते मी जिन्यातून ऐकलं, म्हणून हे लिहितोय.

तुकोबा देहूचे, आपल्याकडचे नाहीत, पण त्यांचं सांगितल्याशिवाय राहवत नाही. 1630 च्या आसपास मोठा दुष्काळ पडला, त्यात त्यांची बायको गेली, मुलगा गेला, धंदा बुडाला. तो माणूस डोंगरावर एकांतात जाऊन बसायचा आणि त्यांनीच म्हटलंय की तिथे माझा माझ्या मनाशी संवाद होतो, माझा वाद माझ्याशीच. म्हणजे भांडायचे पण ते, स्वतःशी, देवाशी. शांत होण्याच्या आधीचं भांडण त्यांनी लपवलं नाही.

आता तुला एक शब्द शिकवतो, तुझ्या मराठीच्या वहीत लिहून ठेव. वाफसा.

आपली जमीन काळी आहे, पाऊस पडला की चिकट होते, पाय टाकला की चिखल बुटासकट ओढतो. मोठा पाऊस झाल्यावर कितीही घाई असली तरी लगेच शेतात जायचं नसतं. ओल्यात औत घातलं तर माती दाबली जाते, नंतर दगडासारखी ढेकळं होतात, त्यात काही उगवत नाही. आणि फार थांबलं तर ओल उडून जाते. या दोन्हीच्या मध्ये एक वेळ येते, वरचं पाणी निचरलेलं, आत ओल टिकलेली, मातीत हवा खेळायला लागलेली, त्याला वाफसा म्हणतात. आजी मूठभर माती घेऊन तिचा लाडू वळते आणि खाली टाकते. तो फुटून भुगा झाला की म्हणते, "वाफसा आलाय, पेरा."

माझं असं म्हणणं आहे की आजी रोज संध्याकाळी बसते ते यासाठी. मनावर पाऊस पडून गेलेला असतो, आणि अशा ओल्या मनाने काही ठरवलं, कुणाला बोललं, की ढेकळं होतात. ती निचरा व्हायची वाट बघते. रिकामी बसलेली नसते, शेत बघत बसलेली असते. ज्या लातूर शहराला 2016 साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्याच जिल्ह्यात 2025 ला पाण्याने पीक नेलं, अशा जागी जन्म काढलेल्या बाईला आशा म्हणजे "सगळं चांगलं होईल" असं वाटणं परवडत नाही. तिची आशा म्हणजे वाफसा येतोच, आजवर आलाय, एवढीच.

दिव्यासमोर बसलं की सगळं सुटतं असं मात्र मी तुला सांगणार नाही, ते खोटं होईल. तू मोठी झालीस म्हणून सांगतो, आपल्याकडे कर्जाने आणि नापिकीने खचून कितीतरी शेतकऱ्यांनी जीव दिलाय. त्यांच्या घरातही दिवे लागत होते. त्यामुळे जेव्हा मनातला अंधार असा होईल की बसून निचरा होत नाही, तेव्हा एकटीने बसायचं नाही, उठून येऊन सांगायचं, मला, आईला, शाळेतल्या मेंटरला, रात्री दोन वाजता असलं तरी. शेडातला तो हरिपाठ एकट्याचा नव्हता हे विसरू नको. तुझी आजी नुसती देवाला सांगून थांबत नाही, ती काकूला पण सांगते, मला पण सांगते.

आणि माझं सांगायचं तर, इथे आल्यावर मी हे सगळं सोडून दिलं होतं. मग 2021 चा एप्रिल आला. आण्णा, माझे वडील, गेले आणि मला जाता आलं नाही. अग्नी काकाने दिला, मी इथे आइंडहोव्हनला या किचन टेबलपाशी फोनवर पाहिला. त्यानंतर मला झोप लागायची नाही, तू नऊ वर्षांची होतीस, तुला बहुतेक एवढंच आठवत असेल की बाबा खूप चिडायचा. चुकलं माझं, तेव्हा म्हटलं नव्हतं, आता म्हणतो. एके दिवशी आजीने फोन केला आणि म्हणाली, "बोलू नको काही, नुसता बस." आणि फोन दिव्याशेजारी टेकवून ठेवला. वीस मिनिटं आम्ही दोघं बसलो, मधे सात हजार किलोमीटर, स्क्रीनवर वात आणि तिचा अर्धा खांदा. मला सुरुवातीला काहीच वाटलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पाचव्या की सहाव्या दिवशी मी आण्णांशी मनातल्या मनात भांडलो, की थांबायचं होतं ना थोडं, आणि रडलो, आणि त्या रात्री झोपलो. तू शेजारी जमिनीवर बसून चित्र काढत होतीस. त्या दिव्याचंच काढलं होतंस, केशरी रंग संपला म्हणून ज्योत हिरवी केली होतीस. ते माझ्या लॅपटॉपच्या बॅगेत आहे अजून.

तू बसावंस असा माझा आग्रह नाही. देव मानावास असाही नाही, ते तुझं तू ठरव. तुला बसावंसं वाटलं तर दिवा पण लागत नाही, खिडकीपाशी बसून आज काय झालं ते स्वतःला खरं खरं सांगितलंस तरी चालेल, आणि मनाला सज्जना म्हणायचं, तेवढं फक्त पाळ.

काल काकाचा मेसेज आला. यंदा पाणी इतकं होतं की वाफसा यायला फार दिवस लागले, काकू रोज विचारायची आणि आजी रोज लाडू टाकून "नाही अजून" म्हणायची. शेवटी पेरणी झाली. हरभरा पेरलाय, बियाणं उसनवारीवर आणलंय, आणि उगवण चांगली आहे म्हणे, फोटो पाठवलाय, तुला फॉरवर्ड करतो. इथली घड्याळं मागे गेल्यापासून तिची सांजवात आपल्या दुपारी दीडला येते, तर या रविवारी सव्वा वाजता कॉल लावू. तुझा प्रश्न तू आजीलाच विचार. मी तिला काही सांगितलेलं नाही.

तुझा,
बाबा