आजोबांच्या ट्रंकेत खडकांची जुनी पोस्टकार्डं सापडली आहेत. ती किती जुनी असतील आणि त्यांचं काय करावं?

तुम्ही लिहिलंय की राजापूरच्या घराची दुरुस्ती करताना माळ्यावरच्या ट्रंकेत २३ कार्डं सापडली. जवळजवळ सगळ्यांवर समुद्रातले सुळके, कमानी, कडे. काहींच्या मागे मोडी. आजोबा बोटीवर होते एवढंच घरात माहीत आहे, कुठे कुठे गेले ते कुणी कधी विचारलं नाही. आणि धाकटा भाऊ म्हणतोय, ऑनलाइन विकून टाकू.

विकायचं की नाही ते नंतर बघा. आजोबा कुठे गेले आणि साधारण कधी गेले, हे ती २३ कार्डंच सांगतील. आधी ती वाचायला घ्या.

मी गुहागर तालुक्यातला. माझे आजोबाही बोटीवर खलाशी होते, पुढे टंडेल, म्हणजे खलाशांचे मुकादम झाले. त्यांच्या कार्डांपासून मला हा नाद लागला आणि गेली बावीस वर्षं मी खडकांचीच कार्डं जमवतोय.

खडकच का, असं तुम्ही विचारलंय. मुंबईहून विलायतेला जाणारी बोट एडन, सुएझ, पोर्ट सैद, माल्टा, जिब्राल्टर करत जायची आणि बंदराबंदरावर कार्डं विकणारे असायचे. इमारतींची कार्डंही असत, पण डेकवरच्या माणसाला किनारा जवळ आला की आधी दिसायचा तो खडक. त्यावरूनच बंदर ओळखायचं. शिवाय घरी कार्ड हातात घेणारी माणसं आपल्याकडची. माझ्या आजीला लंडनचा चौक दाखवून काही उमगलं नसतं. पाण्यातून सरळ उभा राहिलेला कातळ मात्र तिला लगेच कळला, कारण ती हेदवीची. बामणघळीत भरतीची लाट शिरून उसळते तेव्हा काय आवाज होतो ते तिने लहानपणापासून ऐकलेलं.

आता वय. त्यासाठी कार्ड उलटं करा.

मागे मधोमध उभी रेघ आहे का बघा. सुरुवातीला टपाल खात्यांचा नियम असा होता की ती बाजू फक्त पत्त्याला, मजकूर लिहायचा तर चित्राच्या बाजूला. ब्रिटनने १९०२ मध्ये आणि अमेरिकेने १ मार्च १९०७ पासून मागची बाजू अर्धी मजकुराला, अर्धी पत्त्याला दिली. त्यामुळे रेघ नसेल आणि लिहिणाऱ्याने आभाळात, लाटांवर, खडकाच्या कडेने दाटीवाटीने लिहिलं असेल, तर कार्ड बहुधा त्याआधीचं. नंतर तिकीट बघा. एडवर्ड सातवा १९०१ ते १९१०, पाचवा जॉर्ज १९१० ते १९३६. दोघांनाही दाढी आहे. बिनदाढीचा राजा दिसला तर कार्ड १९३६ किंवा त्यानंतर टाकलेलं. भारतात छापलेल्या कार्डावर पत्त्यात पिन कोड असेल तर ते १५ ऑगस्ट १९७२ नंतरचं, कारण पिन कोड त्या दिवशी सुरू झाला. ते आजोबांच्या काळातलं नसणार, कुणीतरी मागाहून ठेवलेलं.

बोटीवरच्या माणसाच्या कार्डात आणखी एक गोष्ट शोधा. तिकीट एका देशाचं, शिक्का दुसऱ्याच बंदराचा, आणि कुठेतरी ‘पाकेबो’ असा फ्रेंच शब्द उमटलेला. बोटीवर टपालात टाकलेलं पत्र पुढच्या बंदरात उतरवलं की तिथलं पोस्ट हा शिक्का मारायचं. असं कार्ड मिळालं तर बोट त्या तारखेच्या सुमारास त्या बंदरात होती, याचा तो पुरावाच.

आता भिंग घ्या. शाळेच्या प्रयोगशाळेतलं साधं भिंग पुरतं. आभाळाच्या भागात बारीक ठिपके ओळीने दिसले तर ती नेहमीची छपाई. ठिपके अजिबात नाहीत, काळ्या भागावर तिरक्या उजेडात चंदेरी झाक येते, म्हणजे तो खरा फोटो आहे, फोटोच्या कागदावर काढलेला. अशी कार्डं कमी निघायची, कधी कधी गावातला फोटोग्राफर मोजक्याच प्रती काढायचा. ठिपक्यांच्या ओळी नाहीत पण वाळूसारखा बारीक, वेडावाकडा दाणा दिसतोय आणि रंग मऊ आहेत, तर ते दगडावरून छापलेलं असू शकतं. या तंत्राचं नाव फोटोक्रोम. १८८० च्या दशकात झुरिकच्या ऑरेल फ्यूस्ली या छापखान्यात ते तयार झालं. काळ्या-पांढऱ्या निगेटिव्हवरून चित्र दगडावर उतरवायचं, प्रत्येक रंगाला वेगळा दगड, कमीत कमी सहा, कधी त्याहून किती तरी जास्त. आपल्याकडे शिळाप्रेसवर पोथ्या आणि पंचांगं छापत, त्याच घराण्यातली ही कला. छपाईचा उत्तम दगड बव्हेरियातल्या झोल्नहोफेनच्या खाणीतला चुनखडक. फ्रान्सच्या किनाऱ्यावरचा खडक बव्हेरियाच्या दगडावरून कागदावर उतरतो आणि राजापूरच्या माळ्यावर येऊन राहतो, हे मला अजूनही नवलाचं वाटतं.

एक मात्र लक्षात ठेवा, रंगांवर विश्वास ठेवू नका. रंग ठरवणाऱ्या कारागिराने ती जागा पाहिलेली असायचीच असं नाही. पांढरा खडू-खडक गुलाबी निघतो, करडा समुद्र निळाशार होतो. दुपारच्या फोटोला निळा रंग देऊन, वर चंद्र काढून चांदण्या रात्रीचं कार्डही करत. खडकाची बाह्यरेषा मात्र फोटोतून आलेली असल्याने बहुधा खरी असते.

कापडासारखा खरखरीत कागद आणि माणसाच्या चेहऱ्याचा कडा, असं तुम्ही ज्याचं वर्णन केलंय ते कार्ड अमेरिकेचं. अशा पोताचा कागद १९३० ते १९५० च्या सुमाराचा. शिकागोची कर्ट टाइक ही कंपनी अशी कार्डं लाखांनी छापायची आणि बहुतेकांवर बारीक क्रमांक असायचा. त्यात आकड्यामागे इंग्रजी ए असेल तर १९३० चं दशक, बी असेल तर १९४० चं, सी असेल तर १९५० चं. अक्षराआधीचा आकडा त्या दशकातलं वर्ष सांगतो, म्हणजे ५ए असेल तर १९३५.

त्या चेहऱ्याचं पुढे काय झालं ते सांगितलं पाहिजे. न्यू हॅम्पशायरच्या कॅनन डोंगरावर ग्रॅनाइटचे कंगोरे असे पुढे आले होते की बाजूने बघितलं की म्हाताऱ्याचं कपाळ, नाक आणि हनुवटी दिसायची. हिवाळ्यात फटींत पाणी गोठायचं, फट रुंदावायची. लोकांनी कित्येक वर्षं लोखंडी सळ्यांनी आणि सिमेंटने तो चेहरा सावरून धरला. ३ मे २००३ ला तो कोसळला. आता तिथे नुसता कडा आहे. तुमच्या आजोबांच्या कार्डावर मात्र तो अजून पुरा आहे, नाकासकट.

माझ्यासाठी अशा कार्डांचा खरा अर्थ हा आहे. आपण म्हणतो दगड कुठे जातोय. पण जातो. माल्टाच्या गोझो बेटावरची अझुअर विंडो ही प्रचंड कमान ८ मार्च २०१७ ला वादळात समुद्रात गेली. ऑस्ट्रेलियात बारा प्रेषित म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सुळक्यांपैकी एक जुलै २००५ मध्ये ढासळला. तुमच्या एका कार्डावरचे पांढरे तीन सुळके आणि टोकाला दीपगृह, ते बहुतेक इंग्लंडच्या आइल ऑफ वाइटचे ‘नीडल्स’. साउदॅम्प्टन बंदरातून निघालेली बोट त्यांच्या जवळून समुद्रात पडते. सुळक्यांच्या मध्ये एक मोठी मोकळी जागा दिसेल, दात पडल्यासारखी. तिथे चौथा सुळका होता, सुईसारखा उंच, त्याच्यावरूनच सगळ्यांना नीडल्स म्हणायला लागले. तो १७६४ च्या वादळात पडला, म्हणजे फोटो काढण्याची कला येण्याच्या कितीतरी आधी. शेजारचं दीपगृह १८५९ चं. त्याच्या माथ्यावर १९८७ मध्ये हेलिकॉप्टर उतरायला तबकडी बसवली. तुमच्या कार्डात माथ्यावर घुमट असेल, तबकडी नसेल.

कमानीचं कार्ड, ज्यावर तुम्हाला ‘एत्रेता’ असं काहीतरी वाचता आलं, ते फ्रान्सच्या नॉर्मंडीचं. मोठं बंदर ल हाव्र तिथून जवळ, त्यामुळे आजोबांची बोट तिथे लागली असणार असा माझा अंदाज. आणि षटकोनी खांबांच्या फरसबंदीचं कार्ड उत्तर आयर्लंडच्या जायंट्स कॉजवेचं. तिथे असे सुमारे ४०,००० खांब आहेत. लाव्हा सावकाश निवताना आकसतो आणि तडकतो, त्यातून हे खांब होतात. हेच बघायला आपल्याला आयर्लंडला जायला नको. अंधेरीची गिल्बर्ट हिल त्याच रीतीने झालेली, ६१ मीटर उंच, साडेसहा कोटी वर्षांची. चारही बाजूंनी खाणकामाने तासली गेली आणि आता इमारतींच्या कोंडाळ्यात उभी आहे.

माझ्याकडचं एक कार्ड सांगतो. जिब्राल्टर. पाण्यातून वर आलेला चुनखडकाचा तो डोंगर, ४२६ मीटरचा, आणि खाली उपसागरात चार बोटी. त्या चार बोटींच्या जरा उजवीकडे आजोबांनी टाकाने फुली मारली आहे. इतकी दाबून की मागच्या बाजूने हाताचं बोट फिरवलं तर उठाव लागतो. मागे मोडीत लिहिलंय की फुली केली आहे तिथे आमची बोट उभी आहे, आणि पावसाआधी गोठा शाकारून घ्या. त्याखाली आणखी दोन ओळी होत्या. शाळेत असताना तिकिटांच्या वहीसाठी मी ते कार्ड पाण्यात भिजवलं. तिकीट निघालं, पण शिक्का अर्धा गेला आणि त्या दोन ओळींची शाई पसरून निळा ढग झाला. आजोबांनी तेव्हा आजीला काय लिहिलं ते आता कुणालाच कळणार नाही. ही गोष्ट आजही मनाला लागते. म्हणून तुम्हाला कळकळीने सांगतो, तिकिटाला हात लावू नका.

ती जपायची कशी, तर आपल्याकडे शत्रू म्हणजे ओल. जून ते सप्टेंबर पश्चिमेची भिंत पाऊस झोडपून काढतो, त्या भिंतीच्या कपाटात कागद ठेवूच नका. गंजलेल्या ट्रंकेत तर नाहीच. कार्डांवर बुरशीचे ठिपके असतील तर ओल्या फडक्याने पुसू नका, पसरतात. कोरड्या दिवशी सावलीत, वाऱ्यावर मोकळी ठेवा आणि मऊ ब्रशने हलकेच झटका. ऊन दाखवू नका, कागद वाकडा होतो आणि रंग उडतात. मग एकेक कार्ड आम्लविरहित कागदात किंवा पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकच्या पाकिटात घाला. स्वस्त, वास येणारं पीव्हीसी प्लास्टिक नको, ते कालांतराने कार्डाला चिकटतं. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि दर पावसाळ्याआधी बदला. डांबरगोळ्या कार्डांना टेकतील अशा ठेवू नका. लॅमिनेशन नाही, सेलोटेप नाही, आणि भिंतीवर फ्रेम करायची हौस असेल तर फ्रेममध्ये रंगीत प्रत लावा.

आणि स्कॅन. दोन्ही बाजू, कोरी असली तरीही, ६०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ६०० ठिपके. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी घराघरात शिरलं तेव्हा माझ्या मावशीकडचा अख्खा अल्बम गेला. त्यातल्या फक्त अकरा कार्डांचे फोटो मी आदल्या मे महिन्यात सहज मोबाइलवर काढले होते, तेवढेच राहिले.

भावाला किमतीचं सांगा. प्रसिद्ध खडकांची छापील कार्डं हजारोंनी निघाली, त्यांना फारसे पैसे येत नाहीत. खरे फोटो, पाकेबोचे शिक्के, भारतीय जागांची जुनी कार्डं यांना मागणी असते. त्यात खंडाळ्याच्या नागफणी कड्याचं एखादं निघालं आणि खाली मुंबईच्या क्लिफ्टन आणि कंपनी या फोटोग्राफरांचं नाव असलं, तर ते जपून बाजूला ठेवा. पण गठ्ठा फोडला की आजोबांचा प्रवास फुटला. २३ कार्डं तारखेप्रमाणे लावून भावासमोर ओटीवर एकदा मांडा आणि मग त्याला विचारा.

सुरुवात मोडीच्या कार्डांपासून करा, कारण ती शाई दर वर्षी फिकट होतेय. तुमच्याकडे देवस्थानाची किंवा जमिनीची जुनी कागदपत्रं वाचून देणारं कुणीतरी असेलच, त्यांना मूळ कार्ड देऊ नका, छापील प्रत मोठी करून द्या. नीडल्सच्या कार्डाच्या दोन्ही बाजू, घरचा पत्ता झाकून, इथे टाकलात तर दीपगृह आणि तिकीट बघून साल सांगायचा प्रयत्न करतो.