तळपायावरचा तीळ

प्रश्न : माझे वय ५२ आहे. तळपायावरचा जुना तीळ वर्षभरात पसरू लागला आहे. दुखत नाही, तेव्हा थांबावे का?

उत्तर : थांबू नये. मेलानोमा हा त्वचेचा कर्करोग सुरुवातीला बहुधा दुखत नाही आणि सावळ्या वर्णाच्या लोकांत तो प्रामुख्याने तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली आढळतो. लहानपणी वा तरुणपणी उमटलेले, एकाच रंगाचे छोटे तीळ सहसा निर्धोक असतात. मात्र कडा वेड्यावाकड्या होणे, रंगात छटा पडणे, आकार ६ मिलिमीटरपेक्षा वाढणे किंवा रक्त येणे, यांपैकी काहीही दिसल्यास, आणि आपल्यासारखा बदल जाणवल्यास, त्वचारोगतज्ज्ञांना लगेच दाखवावे. चुना लावून तीळ जाळू नये, कारण त्याने बायोप्सीचा (त्वचेचा तुकडा काढून तपासण्याचा) नमुनाच बिघडतो.