वाढत्या पिल्लांच्या खुराड्यात दांड्या केव्हा आणि कशा बसवाव्यात?

आपली गिरिराजा जातीच्या कोंबड्यांची पिल्ले सहा आठवड्यांची झाली असून रात्री कोपऱ्यात एकमेकांवर चढून झोपतात, तेव्हा त्यांना रात्री बसून झोपण्यासाठी आडव्या दांड्या बसवणे घाईचे तर होणार नाही ना, असे आपण विचारले आहे. घाई मुळीच नाही. पिल्ले तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासूनच मिळेल त्या उंचवट्यावर चढू पाहतात, आणि कोपऱ्यातल्या गर्दीत खालची पिल्ले गुदमरून दगावण्याचा धोका असतो.

पहिली दांडी जमिनीपासून वीतभर उंच ठेवावी आणि पिल्ले सरावली की शिडीसारखी तिरपी मांडणी करून दुसरी, तिसरी वाढवावी. दोन दांड्यांत आणि भिंतीपासूनही साधारण 30 सेंटीमीटर अंतर असावे. दर पिल्लास सध्या 10 ते 15 सेंटीमीटर जागा पुरते, पूर्ण वाढीनंतर मात्र 20 ते 25 लागते. गिरिराजा अंगाने जड असल्यामुळे सर्वांत वरची दांडी दीड-दोन फुटांपलीकडे नेऊ नये, कारण रोज उंचावरून उडी मारल्याने तळव्यांना जखमा होतात व त्या पुढे चिघळतात.

दांडी लाकडाचीच घ्यावी. आपल्याकडे द्राक्षबागेतले जुने लोखंडी अँगल फुकट मिळतात म्हणून तेच लावण्याचा मोह पुष्कळांना होतो. परंतु त्यांची कड छातीच्या हाडाला रुतते आणि निफाडकडच्या थंडीत लोखंड गारठते. चार-पाच सेंटीमीटर रुंद, कडा रंध्याने गोल केलेली पट्टी मोठेपणीही चालते, कारण तिच्यावर कोंबडी बोटे पिसांखाली झाकून बसू शकते. गुळगुळीत बांबूवरून पाय निसटतो, आणि चिरलेल्या बांबूच्या फटींत दिवसा दडून रात्री रक्त शोषणारे बारीक लाल किडे घर करतात, म्हणून तो मी टाळतो. दांडी काढून धुता येईल अशी खाचेत बसवावी. रात्रीची बरीचशी विष्ठा तिच्याखालीच पडत असल्याने तेथील तूस वरचेवर बदलावे.

दांडी लावूनही पिल्ले कोपराच धरतील, तर अंधार पडताना त्यांतली चार-पाच उचलून हलकेच दांडीवर ठेवावीत. असे काही दिवस केल्यावर बाकीची त्यांच्यामागे चढू लागतात. पुढे तलंगा, म्हणजे तरुण माद्या, अंड्यावर येण्याच्या सुमारास अंडी घालण्यासाठी खोकी ठेवाल, ती दांडीपेक्षा खालीच असू द्यावीत, नाहीतर त्या खोक्यांतच झोपून ती घाण करतील.