डब्यातली पोकेमॉन कार्डं

प्रश्न : १९९९-२००० च्या सुमाराची पोकेमॉन कार्डं माळ्यावर सापडली. चकाकणारी वाकली आहेत. ती सरळ करून पुन्हा खेळता येईल का? (वाचक, रत्नागिरी)

उत्तर : नक्की! ओलाव्याने मागचा कागद फुगतो, पुढचा चमकदार थर फुगत नाही. म्हणून कार्ड चित्राकडे वळतं. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्यांसोबत ठेवा आणि रोज पाहा. सपाट झालं की लगेच काढा, जास्त सुकलं तर उलट वाकेल. इस्त्री किंवा ऊन नकोच. कार्ड ६३ × ८८ मिमी असतं, त्या मापाची पीव्हीसी नसलेली स्लीव्ह (पारदर्शक पाकीट) घ्या. कोकणातल्या पावसाळ्यात पुड्या बदलत राहा.

अधिकृत स्टँडर्ड स्पर्धेत (जिथे ठरावीक नवे संचच चालतात) यातली बहुतेक कार्डं चालत नाहीत. बेसिक एनर्जी (हल्ल्यासाठी लागणारी साधी ऊर्जा-कार्डं) मात्र चालते. घरी जुन्या कार्डांचाच डाव मांडा, तो अजूनही रंगतो. प्रत्येकाची ६० कार्डं, एका नावाची जास्तीत जास्त ४ (बेसिक एनर्जी सोडून). सुरुवातीला २० पोकेमॉन, १६ ट्रेनर (मदतीची कार्डं), २४ एनर्जी घेऊन पाहा. त्या २० पैकी बेसिक पोकेमॉन (थेट मांडता येणारे, ज्यांच्याशिवाय डाव सुरू होत नाही) किती, यावर सगळं अवलंबून आहे. दहाच असतील तर पहिल्या ७ पानांत एकही न येण्याची वेळ साधारण चारांत एकदा येते आणि पुन्हा पिसावं लागतं. १५ ठेवले तर आठांत एकदा. ६ प्राइझ कार्डं (समोरच्याचा पोकेमॉन हरवला की उचलायची) बाजूला ठेवायला विसरू नका.