कॉलिंगवूडची ‘अजिंक्यपदे’ की ‘विजेतेपदे’?

मेलबर्नच्या कॉलिंगवूड फुटबॉल क्लबविषयीच्या एका मराठी टिपणात ‘या क्लबने आजवर १६ अजिंक्यपदे पटकावली आहेत’ असे वाक्य आले आहे. जो संघ बहुतेक मोसमांत काही सामने हरतोच, त्याला अजिंक्य कसे म्हणायचे, आणि ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलमधल्या ‘प्रीमियरशिप’ला, म्हणजे मोसमाच्या विजेत्याला मिळणाऱ्या मानाला, मराठीत नेमके काय म्हणावे, असे एका वाचकाने विचारले आहे. माझे मत असे की ‘अजिंक्यपद’ हा शब्द चुकीचा नाही. परंतु या क्लबचा इतिहास सांगताना ‘विजेतेपद’ हाच शब्द वापरावा, आणि त्याची कारणे व्याकरणापेक्षा त्या इतिहासातच अधिक सापडतात.

आधी शब्दाविषयी. ‘जिंकणे’ या मराठी क्रियापदाला संस्कृताच्या धर्तीवर मागे ‘अ’ आणि पुढे ‘य’ लावून ‘अजिंक्य’ हा शब्द घडला आहे. शुद्ध संस्कृत रूप हवे असेल तर ते ‘अजेय’ किंवा ‘अजय्य’ असे होईल. शब्दशः अर्थ ‘ज्याला जिंकता येत नाही तो’ असा असला, तरी पदवी म्हणून तो लावताना मराठीने आधीच्या पराभवांचा हिशेब कधी मागितलेला नाही. साताऱ्याचा किल्ला १७०० साली औरंगजेबाच्या हाती पडला आणि मराठ्यांनी तो परत घेतल्यावर त्याला अजिंक्यतारा हे नाव मिळाले, म्हणजे जो गड नुकताच जिंकला गेला होता त्यालाच हे विशेषण शोभून दिसले. राष्ट्रीय अजिंक्यपद कबड्डी स्पर्धा, राज्य अजिंक्यपद खो-खो स्पर्धा ही नावेही याच अर्थाने रुळली आहेत. तेव्हा एखाद्या संघाने सामने गमावले म्हणून त्याच्या बाबतीत ‘अजिंक्यपद’ लिहूच नये, हा आक्षेप टिकत नाही.

तरीही कॉलिंगवूडच्या बाबतीत हा शब्द वाचकाची दिशाभूल करतो, आणि त्याचे सर्वांत ठळक उदाहरण १९२९ च्या मोसमाचे आहे. जॉक मॅकहेल प्रशिक्षक आणि सिड कॉव्हेंट्री कर्णधार असताना या संघाने १९२७ ते १९३० अशी सलग चार वर्षे व्हिक्टोरियन फुटबॉल लीग (आजची ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीग) जिंकली. हा पराक्रम त्यानंतर आजतागायत कोणालाही साधलेला नाही, आणि त्या संघाला ‘द मशीन’ म्हणत ते योग्यच होते. १९२९ मध्ये त्यांनी साखळीतले १८ च्या १८ सामने जिंकले. सिडचा भाऊ गॉर्डन कॉव्हेंट्री याने त्या मोसमात १२४ गोल केले, आणि लीगच्या एका मोसमात गोलांचे शतक ओलांडणारा तो पहिलाच खेळाडू ठरला. इथवर ‘अजिंक्य’ हा शब्द अक्षरशः लागू पडतो. पण पुढे उपांत्य सामन्यात रिचमंडने याच संघाला ६२ गुणांनी हरवले. त्या काळच्या नियमानुसार साखळीत पहिल्या आलेल्या संघाला, तो अंतिम टप्प्यात हरला तरी, बाद फेरीच्या विजेत्याला आव्हान देण्याचा हक्क असे. कॉलिंगवूडने तो हक्क बजावला, पुन्हा रिचमंडशीच गाठ घेतली आणि ‘ग्रँड फायनल’, म्हणजे विजेता ठरवणारा अंतिम सामना, २९ गुणांनी जिंकली. १९३० मध्येही तसेच घडले: आधी जिलाँगकडून हार, मग आव्हान, आणि शेवटी जिलाँगवरच विजय. ज्या मोसमात साखळीत एकही सामना न गमावलेला संघ बाद फेरीत हरतो आणि तरी वर्षाचा विजेता ठरतो, तो मोसम वर्णन करताना ‘अपराजित’, ‘अव्वल’ आणि ‘विजेता’ हे तीन शब्द वेगवेगळे ठेवावेच लागतात. ‘अजिंक्यपद’ त्या तिन्हींना एकत्र कालवून टाकते. साखळीत पहिला येण्याला तिथे ‘मायनर प्रीमियरशिप’ म्हणतात. त्यासाठी ‘साखळीतील अव्वल स्थान’ पुरेसे आहे. ‘लघुविजेतेपद’ असले काही घडवू नये.

दुसरे कारण जोडशब्दांचे आहे. १९५८ नंतर पुढचे विजेतेपद मिळायला या क्लबला १९९० उजाडावे लागले, आणि दरम्यान १९६०, १९६४, १९६६, १९७०, १९७७, १९७९, १९८० व १९८१ या आठ वर्षी तो ग्रँड फायनलमध्ये हरला. १९६६ ला सेंट किल्डाकडून अवघ्या एका गुणाने. १९७० ला १,२१,६९६ प्रेक्षकांसमोर मध्यंतराला ४४ गुणांची आघाडी असताना कार्लटनकडून. मेलबर्नकरांच्या आठवणीत कॉलिंगवूड हा क्लब जितका विजयांनी आहे तितकाच या पराभवांनीही आहे, म्हणून त्याचा इतिहास लिहिताना त्यांना नाव द्यावेच लागते. ते नाव मराठीत तयार आहे, ‘उपविजेतेपद’. ‘उपअजिंक्यपद’ कोणी लिहीत नाही आणि लिहूही शकणार नाही, कारण जिंकता न येणाऱ्याच्या खालोखालची पायरी संभवतच नाही.

१६ या आकड्याबाबतही एक दुरुस्ती सुचवावीशी वाटते. १८९२ मध्ये स्थापन झालेला हा क्लब पहिली पाच वर्षे व्हिक्टोरियन फुटबॉल असोसिएशनमध्ये खेळत होता. १८९६ मध्ये गुणतक्त्यात त्याचे आणि साउथ मेलबर्नचे गुण समान झाल्यामुळे निर्णायक सामना घ्यावा लागला आणि तो कॉलिंगवूडने सहा गोलांविरुद्ध पाच गोलांनी जिंकला. पुढच्याच वर्षी आठ क्लबांनी वेगळी लीग सुरू केली, आणि १६ ही संख्या त्या लीगची, म्हणजेच आजच्या ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीगची आहे. १८९६ चे विजेतेपद तिच्यात धरलेले नाही, त्यामुळे ‘आजवर’ हा शब्द काढावा.

मूळ वाक्य मी असे लिहीन: ‘असोसिएशनचे १८९६ चे विजेतेपद मिळवलेल्या कॉलिंगवूडने १९०२ ते २०२३ या काळात लीगची १६ विजेतेपदे पटकावली, त्यांतील शेवटचे, ब्रिस्बेनवर ९० विरुद्ध ८६ असा अवघ्या चार गुणांनी विजय मिळवून.’