हर्नियाची जाळी दोन वर्षांनी त्रास देतेय, काढून टाकायची का?

तुम्ही विचारलंय: वडिलांच्या उजव्या जांघेत चिरा देऊन जाळी बसवली, त्याला 2 वर्षं झाली, तरी आग होते. शरीरानं जाळी नाकारली का? काढावी का?

घाईनं काढू नका. दुसऱ्याचं बसवलेलं मूत्रपिंड नाकारलं जातं तशी पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकची जाळी नाकारली जात नाही. तिच्या छिद्रांतून पेशी वाढून ती पोटाच्या भिंतीत मुरते. त्यामुळेच ती सोडवताना शुक्रवाहिनीला, अंडकोषाच्या रक्तवाहिन्यांना इजा होऊ शकते.

आधी दुखणं ओळखा. त्या भागातून 3 नसा जातात. एखादी टाक्यात आवळली किंवा व्रणात अडकली की आग होते, कपडा घासला तरी चटका बसतो, अंडकोषाकडे करंट जातो, शेजारी बधिर पट्टा असतो. वडिलांना दुखरी जागा एका बोटानं दाखवायला सांगा, तिची कड पेननं आखा आणि तसंच सर्जनला दाखवा. उकिडवं बसताना टोचत असेल, बोटाला टणक गाठ लागत असेल, तर जाळी दुमडली असावी. खोकताना फुगवटा येत असेल तर हर्निया परतलाय. तो बरेचदा जघनास्थीजवळ (ओटीपोटाच्या तळाशी पुढे लागणाऱ्या हाडाजवळ) येतो, जिथं जाळी हाडावर 2 सेंटिमीटर तरी पुढे जायला हवी.

एक्स-रेत ही जाळी दिसत नाही. सोनोग्राफी उभं राहून, खोकायला लावून करा. नुसतं आडवं पाडून केली तर छोटा हर्निया सुटतो. नसेचा संशय असेल तर तिच्याजवळ बधिर करणारं इंजेक्शन देतात. अर्ध्या तासात आग थांबली तर दोष बहुधा नसेचाच. मग नसेची आग कमी करणारी प्रीगाबालिनसारखी गोळी, पुन्हा इंजेक्शन. त्यानंही भागलं नाही तरच नस कापण्याचा विचार, तोही असल्या केसेस नेहमी करणाऱ्या सर्जनकडे. नागपुरात मेडिकल, मेयो या सरकारी रुग्णालयांत किंवा मिहानच्या एम्समध्ये जाताना डिस्चार्ज कार्ड न्याच. जाळीचं स्टिकर जुन्या केसपेपरवर असतं, त्यावर प्रकार आणि माप असतं. त्याची प्रत मागून घ्या.

तोवर खोकला आणि बद्धकोष्ठ अंगावर काढू नका, खर्रा (तंबाखू-सुपारी) बंद, आणि कूलरमध्ये बादल्या ओतायचं काम दुसऱ्या कुणीतरी करावं.

जाळीला जंतुसंसर्ग वर्षांनंतरही होतो. जुन्या व्रणातून पू येणं, लाली, ताप दिसला तर नुसत्या अँटिबायोटिकवर महिने घालवू नका. अशा वेळी मात्र जाळी बरेचदा काढावीच लागते. आणि फुगवटा कडक होऊन आत जाईना, उलट्या सुरू झाल्या, गॅस सुटेना, तर रात्र असली तरी त्याच क्षणी कॅज्युअल्टी गाठा.